अंकी, अक्षरी आणि अंदाजे

"मुलगी किती वर्षांची आहे हो, वृषालीताई?" माधवनगरच्या मोहितेबाईंनी स्थळाच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं.

उत्तराआधी एक बारीकसा थांबा आला. पापणी लवायला लागावा एवढाच. मग वृषाली नलावडे म्हणाल्या, "एकतीस वर्षं आणि सात महिने."

मोहितेबाईंचा हात भडंगाच्या बशीवर तसाच राहिला. आपल्या मुलाचं वय सांगताना त्यांनी नुकतीच तीन वर्षं खाल्ली होती, आणि समोरूनही साधारण तेवढीच खाल्ली जातील या हिशेबानं त्या आल्या होत्या. सांगलीत लग्नं अशीच जमत आली आहेत. दोन्ही बाजू थोडं थोडं खोटं बोलतात, दोघांनाही ते माहीत असतं, आणि खोट्यातून खोटं वजा जाऊन जे उरतं त्याला संसार म्हणतात.

"म्हणजे तिशीचीच म्हणा की," मोहितेबाईंनी एक संधी दिली.

"तिशी तिसाला संपली. हिला एकतीस पूर्ण आहेत."

"अहो, सोयरीक बघायला आलोय मी. पंचनाम्याला नाही," असं म्हणून मोहितेबाई उठल्या. भडंग मात्र संपवून उठल्या.

विश्रामबागेत वृषालीताईंचं 'जुळवाजुळव' हे वधुवर सूचक केंद्र चालत होतं, त्या काळात खरं तर जोड्या जुळवायला माणूस लागत नव्हता. रक्ताचा थेंब आणि आवडीनिवडी दिल्या की कुणाचाही फोन ढीगभर स्थळं काढून देई. पण यंत्राला एक गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे थाप. योग्य जागी मारलेली, योग्य मापाची थाप. 'पंचविशीची', 'तिशीच्या आतली', 'जेमतेम चाळिशी' या शब्दांना एक दार किलकिलं ठेवलेलं असतं आणि माणसं त्यातूनच आत येतात, हे वृषालीताईंना कळलं होतं. एवढ्या एका समजुतीवर त्यांनी निम्मी सांगली बोहल्यावर चढवली होती.

मग गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूत मोहरीएवढी गुठळी झाली. दूधवाल्यानं "किती पिशव्या?" विचारलं, आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. बोलणं सगळं शाबूत होतं. नवऱ्याला बोलणं तर आणखीच सुधारलं. गेले ते फक्त आकडे. पाच गेले, पन्नास गेले, घड्याळ म्हणजे काड्या चिकटवलेली बशी झाली. फोन लावता येईना, गोळ्या मोजता येईनात, आणि कुणी "दोन वाजता येतो" म्हणालं की ती वेळ आहे की धमकी, तेही समजेना.

मिरजेच्या एका इस्पितळात डॉक्टर शौर्य कदमांनी त्यांच्या डाव्या कानामागं, हाडाखाली, नखाएवढी एक चकती बसवली. शौर्य कदम हा नावाच्या मानानं फारच मवाळ माणूस होता. त्या पिढीचं तसंच आहे. सगळ्या लढाया बारशातच जिंकून झालेल्या. चकतीचं नाव 'अक्षरी'. पूर्वी चेकवर रक्कम दोनदा लिहीत, एकदा अंकी, एकदा अक्षरी, आणि दोन्ही जुळल्या तरच चेक खरा. चकतीचं कामही तेच होतं. मनात एखादा आकडा उमटू लागला की अक्षरी आधी त्याचे इंग्रजी शब्द करी. मग ते शब्द फिरवून त्यांचा पुन्हा आकडा करी. गेलेला आकडा आणि परत आलेला आकडा एकच निघाला, की मगच त्याचा मराठी शब्द जिभेवर सोडी. कानावर पडणाऱ्या आकड्यांनाही हाच वळसा होता. या उलटतपासणीला डॉक्टर 'ताळा' म्हणत.

"पण इंग्रजीच का?" वृषालीताईंच्या यजमानांनी, तुषाररावांनी तेव्हाच विचारलं होतं. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आकड्यांशी त्यांचं आयुष्यभर लांबूनच नमस्कारापुरतं नातं होतं. "आमच्या हिचं इंग्रजी थँक्यूच्या पुढं गेलेलं नाही."

"यंत्र तिकडं शिकलंय ना, काका," डॉक्टर म्हणाले. "आणि इंग्रजी आकडे शिस्तीचे. वीस ओलांडले की आधी फिफ्टी, मग नाईन. झालं फिफ्टी-नाईन. आपल्याकडं शंभरापर्यंत प्रत्येकाचं नाव वेगळं, स्वभाव वेगळा. एकोणसाठ म्हणजे काय, तर साठाला एक कमी. म्हणजे जो अजून आलेलाच नाही, त्याच्या नावानं याची ओळख! यंत्र गोंधळतं हो."

"त्यात काय गोंधळायचं?" वृषालीताई म्हणाल्या होत्या. "नव्या सुनेलासुद्धा आम्ही अमक्यांची धाकटी असंच म्हणतो की."

चकतीला वळण लागावं म्हणून रोज सराव करायचा होता. तुषारराव आकडा सांगत. वृषालीताई काचेच्या पाटीवर तो इंग्रजी शब्दांत लिहीत, मग शब्द पुसून पुन्हा आकडा मांडत. नव्याण्णव झाले नाईंटी-नाईन, आणि परत आले ते नव्याण्णवच. एक कोटी तेवीस लाख मोडून ट्वेल्व्ह मिलियन थ्री हंड्रेड थाउजंड झाले, आणि ते मिलियन मोडून पुन्हा कोटी जागेवर आले. एकही शून्य वाटेत सांडलं नाही.

"आता लिही," तुषारराव एके दिवशी म्हणाले, "तुझ्या सतराशे साठ भानगडी."

वृषालीताईंनी गंभीरपणे 'वन थाउजंड सेव्हन हंड्रेड सिक्स्टी' लिहिलं आणि मान वर केली. "कुठल्या?"

तुषारराव पोट धरून हसले. हसू संपल्यावरही त्यांचा हात काही वेळ पोटावरच राहिला.

मग त्यांना खेळच मिळाला. "चार लोक काय म्हणतील?" त्यांनी विचारावं, आणि बायकोनं "कोणते चार?" म्हणावं. एकदा गॅलरीतला ओला टॉवेल पलंगावर पाहून वृषालीताई म्हणाल्या, "तुम्हाला तीनदा सांगितलंय."

"तीनदा?" तुषारराव उठून बसले. "पस्तीस वर्षं मला प्रत्येक गोष्ट सतरा वेळा सांगितली गेली. आज पहिल्यांदा माझ्या बाजूनं निकाल लागला."

धंदा मात्र बसला. मनात एकतीस असताना तोंडानं तिशी म्हणायला गेलं, की जाणारा आणि येणारा आकडा जुळत नसे आणि शब्दच सुटत नसे. घशात जिना चढता चढता पायरी नसावी तसं होई. सवयीनं थाप मारणाऱ्या बाईला हा मोठाच आजार होता. पण गोळ्या मोजता येत होत्या, घड्याळ परत आलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

आणखी एक गोष्ट झाली, ती कुणी मोजली नाही. आकडा इंग्रजीचा वळसा घालून येई तेव्हा त्याच्या अंगाला जे काही चिकटलेलं असे, ते तिकडंच गळून पडे. नलावड्यांचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर 'सात' म्हणताना वृषालीताईंचा आवाज किंचित खाली उतरायचा. तुषाररावांशिवाय कुणाच्या लक्षात येऊ नये इतकाच. आता सात सरळ येत. सेव्हन. परत सात. पुढे चला.

तुषाररावांनी ते ऐकलं होतं.

पावसाळ्यानंतर त्यांच्या पोटदुखीचं निदान झालं. पोटाचे डॉक्टर वेगळे होते, पण सांगायला शौर्य कदमांना पुढे करण्यात आलं. मवाळ माणसाच्या वाट्याला ही कामं येतात. तुषारराव आत कपडे बदलत होते.

"काकू, पसरलंय," डॉक्टर टेबलावरच्या पेपरवेटला म्हणाले. "ऑपरेशनचा उपयोग नाही. आता असं आहे, की... चार-सहा महिने."

थांबा आला, नेहमीपेक्षा थोडा मोठा. फोर, मग सिक्स. दोन आकड्यांचा ताळा कसा करायचा हे अक्षरीला ठरवावं लागत होतं. तिनं मध्य काढला.

"पाच," वृषालीताई म्हणाल्या.

"काकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले. ते पाणी पुढे सरकवून वाट बघत राहिले. रडू आलं नाही. वृषालीताई पाणी प्यायल्या, कारण ते समोर ठेवलं होतं. नंतर तुषाररावांना घेऊन बाहेर येऊन त्यांनी रिक्षा थांबवली, वाटेत मेथीची एक जुडी घेतली; कोवळी बघून, निवडायला सोपी.

घरी तुषाररावांनी चप्पल काढता काढता विचारलं, "काय म्हणाला गं शौर्य?"

"पाच महिने."

तुषाररावांचा एक पाय चपलेत होता. तो तसाच राहिला.

"नक्की?"

"मध्य काढलाय. तो चार-सहा म्हणाला."

"मग चार-सहा म्हण की!" ते एकदम ओरडले, एवढ्या मोठ्यानं की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "चार-सहा म्हणजे पाच नव्हेत गं. चार-सहा म्हणजे, बघू. कधी कधी त्याचे आठ होतात. आपल्या नानांना दोन-चार दिवस म्हणाले होते, त्यांनी पुढचा गणपती बसवला. पाच म्हणजे... पाच झाले ना मग."

"हो," वृषालीताई म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या. पानं एकीकडे, काड्या एकीकडे.

तुषाररावांना इस्पितळात राहायचं नव्हतं. तिथल्या भिंती त्यांना सहन होत नसत. "हा रंग कुणी निवडला त्याला आधी भरती करा," असं त्यांनी परिचारिकेला सांगितलं होतं. दुखणं थांबवणारं औषध कमरेला लावलेल्या छोट्या पंपातून जाणार होतं आणि त्याची मात्रा दुखण्याप्रमाणे रोज बदलावी लागणार होती. थोडं कमी पडलं तर तडफड, थोडं जास्त झालं तर श्वासच थांबायचा. "काकूंचा आकडा चुकूच शकत नाही, म्हणून घरी सोडतोय," शौर्य कदम म्हणाले. "नाहीतर सोडलं नसतं."

आणि आकडा चुकला नाही. सव्वादोन म्हणजे सव्वादोन. तुषारराव कण्हत "दोन-चार थेंब वाढव की" म्हणाले, तर त्या तपासून, चालणार असेल तरच, तीन थेंब वाढवत. औषध, पाणी, कूस बदलणं, सगळं वेळच्या वेळी. बघायला येणारी माणसं बाहेर जिन्यात म्हणत, बाई खंबीर आहे हो. काही जण म्हणत, बाई दगड आहे. दोन्ही मतांचे लोक चहा घेऊन जात.

तुषाररावांना मात्र एक खोड लागली. हलणाऱ्या दाताला जीभ जाते तसं ते रोज विचारत, "किती राहिले?"

आणि दर वेळी थांबा, आणि मग बरोबर उत्तर.

वृषालीताईंनी आकडा टाळून पाहिला. "पुष्कळ आहेत," त्या एकदा म्हणाल्या. पुष्कळला ताळा नव्हता, शब्द सहज सुटला. पण एकतीस वर्षं सात महिने सांगणाऱ्या बाईनं पुष्कळ म्हटलं की ऐकणाऱ्याला आकड्यापेक्षा जास्त कळतं. तुषारराव भिंतीकडे वळले.

थोड्या वेळानं भिंतीकडूनच आवाज आला. "वृषाली, त्या कुपवाडच्या जोश्यांचा मुलगा आठवतो? बेचाळीस वर्षांचा घोडा. पस्तिशीचा म्हणून खपवलास. मुलीच्या बापानं तुला साडी दिली वर."

"आठवतो की."

"त्याला सात वर्षं दिलीस. मला एक महिना देता येत नाही?"

वृषालीताईंनी तोंड उघडलं. मनात जे होतं त्यात एक मिळवून बोलायला गेल्या. गेलेला आकडा आला नाही, आलेला जुळला नाही. घशात पायरी नव्हती. त्या तशाच, तोंड उघडं ठेवून, नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. दुःख व्हायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण ते झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला घरी बसवून त्या मिरजेला गेल्या.

"ताळा काढून टाका," त्या म्हणाल्या.

शौर्य कदमांनी सगळं ऐकून घेतलं. "काढता येईल, काकू. मग आकडा इंग्रजीच्या वळशानं न जाता तुमच्या जुन्या वाटेनं यायला बघेल. पण ती वाट गुठळीनं खचलेली आहे. कधी बरोबर येईल, कधी नाही. सव्वादोनच्या जागी सव्वाबारा आले तरी तुम्हाला चूक वाटणार नाही. मग मी काकांना घरी ठेवू शकत नाही."

"म्हणजे खरं औषध पाहिजे, नाहीतर खोटं बोलणं पाहिजे. दोन्ही नाही."

मग डॉक्टरांनी पेपरवेट फिरवता फिरवता एक तोड काढली. ताळा पाहिजे तेव्हा बंद, पाहिजे तेव्हा चालू. कानामागं अंगठ्यानं दाबायचं. चालू असला की कातडीखाली हिरवा ठिपका दिसेल, म्हणजे घरातल्यांनाही कळेल. "औषधाला हात लावताना चालू पाहिजे. शपथ घ्या."

"घेतली. आणि बंद केल्यावर?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस जे वळशावर अडकलं असेल, ते कदाचित..."

त्या दुपारी वृषालीताई पलंगाच्या डाव्या बाजूला बसल्या आणि त्यांनी कानामागं दाबलं. ठिपका विझला. कान भरून आल्यासारखे झाले.

"विचारा," त्या म्हणाल्या.

तुषाररावांनी ठिपक्याची जागा बघितली. "किती राहिले गं?"

"आहेत की अजून! दहा-पाच वर्षं कुठं जात नाहीत. मला पोचवूनच निघायचा बेत दिसतोय तुमचा."

थांबा नव्हता. शब्द आपल्या जुन्या चालीनं, पदर खोचून, ठसक्यात बाहेर आले. तुषाररावांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे पंपालाही जमलं नव्हतं.

"दहा का पाच?" त्यांनी विचारलं.

"दहा-पाच!"

"थापाडी," ते म्हणाले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. दोनच का, ते कुणी मोजलं नाही.

मग वृषालीताई भांडी उचलून स्वयंपाकघरात गेल्या. कुकरची शिट्टी झाली, आणखी झाली. त्या सवयीनं मोजायला लागल्या, आणि पाचव्या शिट्टीला, मध्ये कुठलाही वळसा न घेता, मराठीत, 'पाच' आले. डॉक्टरांनी सांगितलेले पाच. त्यातले काही संपलेलेही होते. त्यांनी ओट्याची कड धरली. पाचांच्या मागोमाग पस्तीस आले, लग्नाचे. त्यांच्या मागं सात आले, तो मुलगा होता असं दाईनं सांगितलं ते सात, इतकी वर्षं जपून खालच्या आवाजात ठेवलेले. सगळे एकदम, दार ढकलून, जेवणाच्या वेळी नेमके येणाऱ्या नातलगांसारखे. त्या फरशीवर बसल्या. पदर तोंडात कोंबला, कारण भिंत पातळ होती.

औषधाची वेळ झाली तेव्हा त्यांनी अंगठा कानामागं नेला. ठिपका उजळला. आणि जत्रेत कुणी कर्ण्याची वायर ओढून काढावी तसं सगळं शांत झालं. फाइव्ह. थर्टी-फाइव्ह. सेव्हन. त्या उठल्या, तोंड धुतलं, बाहेर जाऊन बरोबर मात्रा लावली. हात जराही हलला नाही.

तसंच मग रोजचं झालं. दुपारी ठिपका विझे, तुषारराव विचारत, वृषालीताई थाप मारत. थापा वाढतही गेल्या. एकदा त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात काश्मीरला जायचं ठरवलं आणि स्वेटर किती न्यायचे यावरून भांडणसुद्धा केलं. तुषारराव हडकत चालले होते, पण दुपारची वाट बघत होते. मग औषधाची वेळ येई, आणि हिरवा ठिपका.

जानेवारीतल्या एका दुपारी ते बरेच शांत होते. दुखणं औषधानं दाबलेलं होतं. त्यांनी विचारलं, वृषालीताईंनी "अहो, वीस-पंचवीस वर्षं तरी" असं दणकून सांगितलं, आणि ते हसले. मग त्यांनी वृषालीताईंचा हात हातात घेतला आणि काहीच न बोलता बोटांवरून अंगठा फिरवत राहिले, एकेक बोट, जसं एखादं चित्र पाठ करावं.

वृषालीताईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मोकळा हात केस सारखे करायला कानामागं गेला.

"औषधाची वेळ झाली?" तुषाररावांनी विचारलं.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. बारीकसा थांबा आला.

"नाही. अजून एक तास दहा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता.

तुषारराव त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होते. रागानं नव्हे, चित्रात चुकून पडलेल्या रंगाकडे बघावं, पुसावा की राहू द्यावा ते ठरत नसावं, तसं. बायकोचा हात त्यांनी सोडला नाही.

"मग आत्ता औषध कुणाला दिलंस गं?"